कारण निराळें, दोष निराळा

एखाद्या घरीं मूल जन्मास येतें, सुईण किंवा परिचारिका त्यास पुसून आईजवळ देते, आणि पाहतात तों त्याचा वरचा ओठ नाकपुडीच्या खालीं दुभंगलेला. कधीं फट ओठापुरतीच असते, कधीं ती हिरडींतून मागें टाळूपर्यंत गेलेली असते, आणि कधीं ओठ अगदीं धड असून टाळूच तेवढी उघडी राहिलेली असते. अशा वेळीं त्या घरांत पहिला प्रश्न कोणता निघतो? मूल दूध कसें पिईल, हा प्रश्न पहिला असावयास पाहिजे. परंतु बहुधा तो पहिला नसतो. पहिला प्रश्न असतो, "हें कोणाच्या चुकीनें झालें?" आणि त्याचें उत्तरही प्रश्नाच्या पोटांतच असतें. सासू सुनेकडे पाहते, शेजारीण बोटें मोजून मागील ग्रहण कोणत्या महिन्यांत होतें तें सांगते, आणि बाळंतीण, जिच्या अंगांत अजून उठून बसण्याचेंही त्राण नाहीं, ती मनांतल्या मनांत आपले नऊ महिने चाळूं लागते.

प्रिय वाचकहो, हा प्रश्न नीतीचा आहे, आणि नीतीच्याच दृष्टीनें त्याचा विचार केला पाहिजे. वैद्यकशास्त्रानें या व्यंगाच्या कारणांविषयीं पुष्कळ शोध लाविले आहेत, व त्यांतील मुख्य ते आम्ही पुढें सांगणार आहों. परंतु शास्त्र कारण सांगतें. दोष कोणाचा तें सांगत नाहीं. या दोन गोष्टी एकच आहेत असें समजल्यामुळें जगांत फार अन्याय झाला आहे, आणि तो अडाणी लोकांनींच केला असें मात्र नाहीं.

ग्रहणाची समजूत आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. गरोदर बाईनें ग्रहण लागलें असतां विळी, सुरी, कोयता हातीं धरूं नये, कांहीं चिरूं नये, कापूं नये, शिवूं नये; तसें केलें तर मुलाचा ओठ किंवा कान तुटतो, असें म्हणतात. येथून हजारों कोस दूर मेक्सिको देशांतही अशीच समजूत प्राचीन काळापासून आहे. ग्रहणांत चंद्राचा जसा लचका तुटतो, तसा पोटांतील मुलाच्या ओठाचा तुटतो, असें तेथें मानीत. आणि त्यावर उपाय म्हणून गरोदर स्त्रिया कमरेला लोखंडी किल्ली किंवा टाचणी बाळगीत. इंग्रजी भाषेंत या व्यंगास सशाच्या ओठावरून नांव पडलें होतें, आणि गरोदर स्त्रीला ससा आडवा गेला तर मूल तसें निपजतें असें तिकडील खेड्यांतून म्हणत असत. तीन देश, तीन समजुती. पण तिहींत आरोपी एकच. चंद्र ग्रासला गेला, ससा धांवला, आणि बोल मात्र आईला. बापानें ग्रहणांत काय काय केलें याची चौकशी करणारी समजूत आमच्या तरी ऐकण्यांत नाहीं.

आपल्या ख्रिस्ती घरांत ग्रहण पाळीत नाहींत, असें आपण म्हणतों. तें खरें धरलें तरी संशयाची संवय जात नाहीं. ग्रहणाऐवजीं गुप्त पापाची चौकशी सुरू होते, इतकाच फरक. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत जन्मांधाविषयीं शिष्यांनीं विचारिलेला प्रश्न याच जातीचा होता. त्यांस दोनच पर्याय दिसत होते, त्या मनुष्याचें पाप किंवा त्याच्या आईबापांचें. आणि प्रभूनें दोन्ही नाकारिले. तो अध्याय आपण मंडळींत वाचतों, आणि बाळंतिणीच्या खाटेजवळ विसरतों.

आतां ग्रहणाच्या समजुतीची थोडी परीक्षा करूं. कारण नुसतें "हा भ्रम आहे" असें म्हटल्यानें भ्रम जात नसतो. जगभर सुमारें ७०० जन्मांमागें एक मूल दुभंगलेल्या ओठाचें किंवा टाळूचें जन्मतें. आशियांतील लोकांत हें प्रमाण कांहीं अधिक व आफ्रिकेंतील लोकांत कमी आढळतें. आपल्या हिंदुस्थानांत अशीं मुलें दर वर्षीं तीस हजारांच्या आसपास जन्मतात. ज्या देशांत कोणी ग्रहण पाळीत नाहीं, इतकेंच नव्हे तर तें पाहावयास बायकापुरुष हौसेनें मैदानांत जमतात, तेथेंही अशीं मुलें जन्मतात; आणि ज्या घरीं कडकडीत ग्रहण पाळलें त्या घरींही जन्मतात. परंतु याहून बळकट पुरावा आहे तो काळाचा.

गर्भ राहिल्यानंतर चवथ्या आठवड्याच्या सुमारास चेहरा घडूं लागतो. त्या वेळीं सगळा गर्भ तांदळाच्या दाण्याएवढा असतो. कुंभार मातीच्या एका गोळ्यांतून मूर्तीचें तोंड कोरून काढतो, तसें तें घडत नाहीं. निरनिराळ्या बाजूंनीं वाढत आलेले पांच उंचवटे एकमेकांस येऊन मिळतात आणि चेहरा होतो: एक कपाळाकडून खालीं उतरतो, दोन गालांकडून मध्यें सरकतात, दोन हनुवटीच्या बाजूचे असतात. वरच्या ओठाचा मधला भाग वरून आलेला, आणि दोन्ही बाजूंचे भाग गालांकडून आलेले. सहाव्या सातव्या आठवड्यांत ते एकमेकांस टेकतात, टेकलेल्या जागेवरची पातळ त्वचा विरघळते, आणि आंतलें मांस एक होतें. टाळूची रीत याहून विलक्षण आहे. तिच्या दोन फळ्या आरंभीं जिभेच्या दोन्ही बाजूंस खालीं लोंबत असतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास जीभ खालीं सरते, तशा त्या दाराच्या फळ्यांप्रमाणें वर वळून आडव्या होतात, मध्यावर भेटतात, आणि बाराव्या आठवड्यापर्यंत जुळून जातात. वेळ चुकली किंवा एखादी फळी थोडी आंखूड पडली, तर भेट होत नाहीं.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, ओठ तुटलेला नसतो आणि कापलेलाही नसतो. तो जुळावयाचा राहिलेला असतो. तेथें सुरीचें कामच नाहीं. पांचव्या किंवा सातव्या महिन्यांत ग्रहण आलें आणि आईनें दिवसभर भाजी चिरली, तरी महिन्यांमागें जुळून गेलेला ओठ त्यानें उलगडत नाहीं. आणि जो जुळला नव्हता तो, सुनेनें घरांत बातमी सांगितली त्याच्या आगेंमागेंच, जुळावयाचा राहून गेला होता. दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. हा अंक हातीं धरणारा प्रत्येक वाचक, पाळकापासून पाटलापर्यंत, एके काळीं दुभंगलेल्या ओठाचा होता. नाकाखालून ओठापर्यंत जी उभी पन्हळ आहे तिच्यावरून बोट फिरवून पाहावें. तिच्या दोन्ही कडांच्या आसपास आपले सांधे आहेत. या मुलांत आणि आपल्यांत भेद आहे तो इतकाच कीं आपले सांधे त्या आठवड्यांत मिळाले.

मग जुळणी कां राहते? या प्रश्नाचा पद्धतशीर शोध डेन्मार्कमधील पॉल फोग-अँडरसन या शस्त्रवैद्यानें केला. १९४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधांत त्यानें अनेक कुटुंबांची माहिती मांडून दाखविलें कीं हें व्यंग कांहीं कुळांत पुन्हां पुन्हां येतें. आणि ओठ दुभंगणें, मग त्याबरोबर टाळू दुभंगलेली असो वा नसो, हें एक, व नुसती टाळू दुभंगणें हें दुसरें, अशीं हीं आनुवंशिक दृष्ट्या दोन निराळीं व्यंगें आहेत. पहिलें मुलग्यांत अधिक आढळतें, दुसरें मुलींत.

जुळ्या मुलांवरून ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. एकाच बीजापासून झालेल्या, म्हणजे तोंडावळ्यानें अगदीं एकसारख्या जुळ्यांत, एकाचा ओठ दुभंगलेला असेल तर दुसऱ्याचाही तसा असण्याचा संभव निम्म्याच्या आसपास आढळतो. निराळ्या बीजांच्या जुळ्यांत तो फारच कमी असतो. तेव्हां बीजाचा हात यांत मोठा आहे, हें मान्य केलेंच पाहिजे. पण वाचकांनीं त्या "निम्म्या"कडेही लक्ष द्यावें. एकच बीज, एकच उदर, एकच आई, तिचा तोच आहार, तींच ग्रहणें. आणि तरीही पुष्कळ वेळां एकाचा ओठ दुभंगतो व दुसऱ्याचा धड राहतो. आईच्या कृत्यावर सारा भार घालणारांनीं अगोदर या जुळ्यांचें उत्तर द्यावें.

आईबापांच्या बीजांतून मुलाकडे येणाऱ्या सूक्ष्म गुणघटकांस शास्त्रज्ञ जनुकें म्हणतात. कांहीं थोड्या कुळांत एकाच जनुकाचा बिघाड या व्यंगास पुरेसा होतो. त्यांतील एका प्रकाराचें कारण आयआरएफ-६ नांवाच्या जनुकांत आहे, असें २००२ सालीं समजलें. अशा कुळांतील माणसांच्या खालच्या ओठावर बहुधा दोन बारीक खळगे असतात, आणि कित्येकांचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते; हा बिघाड ज्याच्या अंगीं आहे त्याच्या प्रत्येक मुलाकडे तो जाण्याचा संभव निम्मा असतो. कधीं कधीं बापाच्या ओठावर ते दोन खळगेच तेवढे असतात, कोणीं ते आयुष्यांत निरखून पाहिलेलेही नसतात, आणि मुलाचा ओठ दुभंगला म्हणजे माहेरीं पाठवितात ती आईला! हा प्रकार मात्र शंभर दुभंगांत दोनच्या आसपास असतो. बाकीच्या बहुतेक मुलांत असें एक ठळक जनुक सांपडत नाहीं. २००४ सालीं असें दिसून आलें कीं, त्याच आयआरएफ-६ जनुकाचे साधे, निरुपद्रवी वाटणारे भेदही हा संभव थोडा वाढवितात. २००९ सालीं आठव्या गुणसूत्राच्या एका भागाविषयीं तसेंच आढळलें, आणि त्यानंतर अशीं अनेक स्थानें उजेडांत आलीं. यांतील एकेकाचा भार थोडा असतो. आणि त्यांपैकीं कित्येक भेद इतके सर्वसाधारण आहेत कीं ते कोट्यवधि निरोगी माणसांच्या अंगीं असून त्यांस त्याची वार्ताही नाहीं.

हें कसें घडतें तें समजण्यास बैलगाडीचें उदाहरण घ्यावें. बाजाराच्या दिवशीं एका गाडींत दहा घरांनीं एकेक पोतें टाकलें. गाडी चालली होती. वाटेंत एक खांच आली, आणि आंस मोडला. तो कोणाच्या पोत्यानें मोडला? शेवटचें पोतें टाकणाराकडे सगळे बोट दाखवितील, परंतु तो म्हणेल, माझें पोतें तर सर्वांत हलकें होतें. त्याच खांचेवरून दुसऱ्या दहा गाड्या गेल्या आणि त्यांना कांहीं झालें नाहीं, कारण त्यांत सात आठच पोतीं होतीं. गर्भाचें असेंच आहे. कांहीं पोतीं आईच्या कुळांतून येतात, कांहीं बापाच्या. खांच कधीं बाहेरच्या परिस्थितीची असते, कधीं निव्वळ योगायोगाची. आणि रिकामी गाडी कोणाचीच नसते. म्हणून "हें कोणाच्या घराण्यांतून आलें?" असें विचारणारास खरें उत्तर द्यावयाचें तर तें असें द्यावें लागेल कीं, दोघांच्याही, आणि थोडेंफार तुमच्याही.

येथें एक खरी अडचण आहे, ती टाळून पुढें जाणें आम्हांस बरें वाटत नाहीं. बाहेरच्या कारणांपैकीं कांहीं मनुष्याच्या हातचीं असतात. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आई विडी सिगारेट ओढीत असेल तर संभव वाढतो. आईला आधींपासून मधुमेह असेल व तो आटोक्यांत नसेल तरीही वाढतो. फेंपऱ्यावरील कांहीं औषधांनीं, विशेषतः व्हॅल्प्रोएट व टोपिरामेट यांनीं, वाढतो. मग अशा आईला तरी दोष द्यावा कीं नाहीं?

आधीं हिशेब नीट करूं. तंबाखूच्या धुरानें हा संभव सुमारें एकतृतीयांशानें वाढतो असें पुष्कळ अभ्यासांचा मेळ घालून ठरलें आहे. म्हणजे ७०० मध्यें एक हें प्रमाण ५०० मध्यें एक इतकेंही होत नाहीं. धूम्रपान करणाऱ्या बहुतेक सर्व आयांचीं मुलें धड ओठाचीं जन्मतात, आणि ज्यांचीं मुलें दुभंगलेल्या ओठाचीं जन्मतात त्यांतील पुष्कळ आयांनीं तंबाखूस हातही लाविलेला नसतो. एका विशिष्ट मुलाकडे बोट दाखवून "याचा ओठ तिच्या विडीनें दुभंगला" असें म्हणण्याचा अधिकार जगांतील कोणत्याही डॉक्टरास नाहीं. मग तो शेजारणीस कोठून आला? म्हणून तंबाखू निरुपद्रवी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. ती इतर अनेक रीतींनीं गर्भास अपाय करते, आणि आपल्याकडील बायका दांतांस लावतात ती मिश्रीही तंबाखूच आहे. गरोदर राहण्यापूर्वींच ती सोडावी, हें सांगणें आपलें कर्तव्य आहे. फेंपऱ्याचें औषध घेणाऱ्या बाईनें तर तें मनानें कधींही बंद करूं नये, कारण त्यांत तिचा व मुलाचा दोघांचाही जीव धोक्यांत येतो. मूल होऊं देण्याच्या आधीं डॉक्टरांस विचारून औषध बदलून घ्यावें. पण वाचकांनीं पाहावें कीं हें सारें बोलणें पुढच्या काळाविषयीं आहे. जबाबदारी पुढें पाहते, आणि आरोप मागें पाहतो. लग्नाच्या वेळीं, आरोग्यकेंद्रांत, मंडळीच्या स्त्रीसभेंत जो शब्द उपयोगी पडला असता, तोच शब्द बाळंतपणानंतर उच्चारला म्हणजे त्याचा दगड होतो. शिवाय, जी मंडळी तिला बोलते ती त्याच खोलींत बसून विडी ओढणाऱ्या नवऱ्यास काय बोलली होती?

आतां दुसऱ्या धोक्याकडे वळूं. ग्रहण गेलें, आणि त्याच्या जागीं कुळ येऊन बसलें. शिकलेला मनुष्य ग्रहणाला हंसतो; पण मुलीच्या लग्नाची बोलणीं चाललीं असतां, वराच्या भावाचा ओठ शिवलेला आहे एवढें दिसलें कीं तोच मनुष्य उठून जातो, आणि आपण शास्त्राप्रमाणें वागलों असें त्यास वाटतें. या मार्गानें मनुष्यें किती दूर जाऊं शकतात याचें उदाहरण यूरोपांत घडलें आहे. जर्मनींत १९३३ च्या जुलैंत हिटलरच्या सरकारनें एक कायदा केला. त्याचा हेतु आनुवंशिक रोग्यांस संतति होऊं नये हा होता. कायद्यांत गंभीर आनुवंशिक शारीरिक व्यंगें असें एक कलम होतें, आणि दुभंगलेला ओठ व टाळू त्यांत धरण्यांत आलीं. त्यासाठीं निराळीं न्यायालयें बसविलीं होतीं. डॉक्टर आणि न्यायाधीश टेबलाशीं बसून निकाल देत, आणि मनुष्यास बळजबरीनें वंध्य करण्यांत येई. १९४५ पर्यंत या कायद्याखालीं सुमारें चार लक्ष लोकांवर अशी शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांत ज्यांचा ओठ लहानपणींच शिवला गेला होता असे कामकरी, धडधाकट तरुणही होते. हें करणारे लोक अडाणी नव्हते. ते विद्यापीठांत शिकविणारे होते. क्षणभर नीति बाजूस ठेविली तरी त्यांचें गणितही खोटें होतें. दुभंगलेल्या ओठाचीं बहुतेक मुलें ज्यांचे ओठ धड आहेत अशाच आईबापांच्या पोटीं येतात. पोतीं सगळ्यांच्याच गाडींत असतात. मोडलेल्या गाड्या तेवढ्या जाळल्यानें रस्त्यावरचीं पोतीं कमी होत नाहींत.

तो काळ गेला, असें म्हणून कोणीं निश्चिंत होऊं नये. इंग्लंडांत चोवीस आठवड्यांनंतरचा गर्भपात कायद्यानें ज्या थोड्या कारणांसाठीं होऊं शकतो, त्यांत मुलास गंभीर व्यंग असण्याचा मोठा संभव हें एक आहे. २००१ सालीं तेथें अशा मुदतीनंतर एक गर्भपात झाला, आणि कारण लिहिलें होतें दुभंगलेला ओठ व टाळू. जोआना जेप्सन नांवाच्या एका तरुण धर्मसेविकेनें या गोष्टीस हरकत घेतली. तिच्या स्वतःच्या जबड्यास जन्मतः व्यंग होतें आणि तें शस्त्रक्रियेनें दुरुस्त झालें होतें. २००३ च्या अखेरीस तेथील उच्च न्यायालयानें तिची तक्रार सुनावणीस घेण्यासारखी आहे असें ठरविलें. पुन्हां तपास झाला. आणि २००५ सालीं, डॉक्टरांनीं सद्भावनेनें निर्णय घेतला होता असें म्हणून खटला भरण्यांत आला नाहीं. त्या अनामिक आईविषयीं येथें एक अक्षर लिहावयाचें नाहीं. तिच्यापुढें कोणी काय मांडलें, तें आम्हांस कसें कळणार? आमचा प्रश्न "गंभीर" या शब्दाविषयीं आहे. आपल्याकडेही सोनोग्राफींत पांचव्या महिन्याच्या सुमारास ओठाची फट पुष्कळदां दिसते, आणि अंधाऱ्या खोलींत यंत्रावर दिसलेली ती सांवली घरीं येईपर्यंत डोंगराएवढी होते. त्या वेळीं त्या दोघांस कोणीतरी शांतपणें सांगितलें पाहिजे कीं, इतर व्यंगें बरोबर नसतील तर हें मूल शाळेंत जाईल, बोलेल, गाईल, संसार करील. आमच्या मतें जें व्यंग शिवून नीट होतें त्यास जगण्याच्या आड येणारें म्हणणें हा भाषेचाच अपराध आहे. इतर व्यंगें आहेत कीं नाहींत याची तपासणी मात्र अवश्य झाली पाहिजे, कारण कांहीं मुलांत हृदयाचे वगैरे दोष बरोबर असतात.

यावर कोणी म्हणेल, दोष कोणाचाच नाहीं असें ठरलें तर मग उपाय तरी कशाला? देवानें दिलें तसें राहूं द्यावें. हा तर्क धार्मिक दिसतो, पण आळसाचा आहे. चीन देशांत इसवी सनाच्या चवथ्या शतकाच्या अखेरीस वेई नांवाचा एक दरिद्री तरुण होऊन गेला. त्याचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. दूरच्या प्रांतांतील सुभेदाराच्या पदरीं ओठ सांधणारा एक वैद्य आहे असें ऐकून तो तेथें गेला. वैद्य म्हणाला, ओठ कापून सांधतां येईल, पण शंभर दिवस पातळ पेजेवर राहावें लागेल, आणि बोलतां हंसतां कामा नये. तरुणानें उत्तर दिलें कीं अर्धें आयुष्य मुकें राहावें लागलें तरी उरलेलें अर्धें आहेच. शंभर दिवसांची काय कथा! ओठ सांधला, आणि पुढें तो तरुण मोठ्या अधिकारास चढला. आपल्या ओठाचें कारण काय हें त्यास ठाऊक नव्हतें, त्याच्या वैद्यासही नव्हतें. उपाय करण्यास त्यावांचून अडलें नाहीं.

आतां शंभर दिवस मुकें राहावें लागत नाहीं. मूल दहा आठवड्यांचें, दहा पौंडांचें, आणि रक्तांत हिमोग्लोबिन दहा ग्रॅम, असा ओठाच्या शस्त्रक्रियेचा एक जुना ठोकताळा आहे. साधारणपणें ती तीन ते सहा महिन्यांच्या वयांत करतात, आणि टाळूची पहिल्या वाढदिवसाच्या आगेंमागें, दीड वर्षाच्या आंत, म्हणजे मूल बोलूं लागण्यापूर्वीं ती बंद झालेली असते. पुढें उच्चार सुधारणें, कानांतील पाणी, दांतांची ठेवण, अशीं कामें कांहीं वर्षें चालतात. २०१३ सालीं सरकारनें सुरू केलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाडींत व शाळेंत मुलांची तपासणी होते, आणि दुभंगलेला ओठ व टाळू हीं त्यांतील नेमलेल्या व्यंगांत आहेत. त्यांचे उपचार मोफत होतात. आशाताईंस किंवा अंगणवाडींत कळविलें तरी पुरे.

परंतु दहा पौंड वजन व्हावयाचें कसें? येथें घरांतील बायकांचें खरें काम आहे. नुसता ओठ दुभंगलेला असेल तर मूल बहुधा अंगावर पिऊं शकतें. टाळू उघडी असेल तर त्यास ओढतां येत नाहीं, कारण ओढण्यास लागणारी पोकळी तोंडांत तयारच होत नाहीं. मूल अर्धा तास छातीशीं असतें, दमून झोंपतें, आणि पोटांत कांहीं गेलेलें नसतें. अशीं मुलें ओठानें मरत नाहींत, उपासानें मरतात. आईनें आपलें दूध काढून तें स्वच्छ वाटी-चमच्यानें थोडें थोडें पाजावें. बोंडलें वापरण्याची चाल जेथें असेल तेथें तें दर वेळीं उकळून घ्यावें. पाजतांना मुलास आडवें न धरतां उभट धरावें, म्हणजे दूध नाकांतून येत नाहीं. आणि मधून मधून खांद्यावर घेऊन ढेंकर काढावी, कारण तें हवा फार गिळतें. हें काम दिवसांतून आठ दहा वेळां करावें लागतें, आणि एकटी बाळंतीण तें करूं शकत नाहीं. जी सासू बोटांवर ग्रहणें मोजीत होती तिचीं बोटें येथें उपयोगीं पडतील.

राहिला प्रश्न पुढच्या मुलाचा, आणि तो विचारावयास आईबाप लाजतात. आईबापांचे ओठ धड असून एक मूल असें झालें असेल, तर पुढच्या मुलास तें होण्याचा संभव शंभरांत तीन ते पांच. म्हणजे शंभरांत पंचाण्णव वेळां तरी होत नाहीं. दोन मुलें तशीं झालीं असतील तर संभव वाढून शंभरांत दहाच्या आसपास जातो. आई किंवा बाप यांपैकीं एकाचाच ओठ दुभंगलेला असेल तर पुन्हां तो शंभरांत तीन ते पांचच. खालच्या ओठावर खळगे असलेल्या कुळाची गोष्ट निराळी, ती वर सांगितली आहे. तेथें मोठ्या रुग्णालयांतील आनुवंशिक रोगांच्या डॉक्टरांकडे एकदां जाऊन यावें. ज्याचा ओठ लहानपणीं शिवला आहे असा तरुण लग्नाला उभा राहिला आणि मुलीकडच्यांनीं विचारिलें, तर त्यानें हाच आंकडा सांगावा, आणि मध्यस्थांनीं त्यांत आपलें कांहीं मिळवूं नये. पुढचें त्या दोघांनीं ठरवावयाचें आहे.